वाचकांचे प्रश्न : खोटा अर्थ पचवायचा कसा?

गेल्या अंकात कोशातल्या शब्दांच्या खेळाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्या एकाच विषयाला द्यावे असे ठरवले. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात सांगते. एकाने शब्दकोशातून कुणालाच ठाऊक नसेल असा शब्द काढायचा. त्याला आम्ही त्या डावाचा 'कोशकार' म्हणतो. तो शब्द सांगतो आणि लिहून दाखवतो. बाकीच्यांनी त्या शब्दाचा अर्थ मनाने रचून चिठ्ठीवर लिहायचा. कोशकार खरा अर्थ आपल्या चिठ्ठीवर उतरवतो, सगळ्या चिठ्ठ्या मिसळतो आणि एकेक वाचतो. मग ज्याला जो अर्थ खरा वाटेल त्याला त्याने मत द्यायचे. खरा अर्थ ओळखला तर २ गुण, आपल्या खोट्या अर्थाला पडलेल्या दर मताला १ गुण, आणि खरा अर्थ कुणालाच सापडला नाही तर कोशकाराला २ गुण. पुढच्या डावाला कोशकार बदलतो.

प्रश्न : आम्ही पाचजण खेळलो. हसून हसून पुरेवाट झाली, पण खरा अर्थ दर डावाला सगळ्यांनी ओळखला. मग गुणांना काही अर्थच उरला नाही. एका डावाच्या चिठ्ठ्या सोबत पाठवत आहे. आमचे काय चुकते?

चिठ्ठ्या पाठवल्यात ते फार बरे केलेत. त्यांवरून दुखणे लगेच कळले. शब्द होता 'चाडे'. चार चिठ्ठ्यांवर अनुक्रमे 'चाड नसलेल्या माणसाचे चाळे', 'नको तिथे नाक खुपसण्याची खोड', 'भाषण लांबले की श्रोत्यांना येणारी जांभई' आणि 'उसने घेऊन तोंड चुकवणारा मनुष्य' असे अर्थ आहेत. पाचव्या चिठ्ठीवर आहे : 'पेरणीच्या वेळी ज्यात बी टाकतात ते पाभरीवरचे लाकडी पात्र, यातून बी नळ्यांत उतरते.' चार विनोद आणि एक नोंद. खरा अर्थ कोणता हे विचारायची गरजच राहिली नाही.

तुमच्या घरचे लोक विनोदी आहेत, कल्पक आहेत. कमी पडतो तो कोशाचा आवाज. कोश कधी हसवायला जात नाही. तो विशेषणे उधळत नाही, माणसांच्या स्वभावावर शेरे मारत नाही. बहुतेक नोंदी साध्या वस्तूंच्या, झाडापाल्याच्या, हत्यारांच्या, मापांच्या, जनावरांच्या खोडींच्या असतात. कोशाचे वाक्य तुटक असते, क्रियापद बऱ्याचदा गाळलेले असते, एखादा तपशील स्वल्पविरामानंतर येतो. तुमच्या पाचव्या चिठ्ठीतले 'यातून बी नळ्यांत उतरते' हे शेपूट पाहा. खोटे लिहिणाऱ्याला असे शेपूट सहसा सुचत नाही, कारण तो पहिल्या वाक्यातच दमतो.

आमच्या गटातला एक डाव सविस्तर सांगते, म्हणजे मला काय म्हणायचे ते नीट कळेल. शब्द होता 'रुमणे'. शेवटी 'णे' असल्यामुळे बऱ्याच जणांनी ते क्रियापद धरले. चिठ्ठ्या अशा आल्या :

'आजारातून उठल्यावर थोडे थोडे हिंडूफिरू लागणे.'
'नांगराचा मागचा, हाताने धरायचा दांडा.'
'(जखम) वरून भरून येणे, पण आतून ओली राहणे.'
'सुताराचे, लाकडाला भोके पाडण्याचे एक हत्यार.'
'रुसून, मनातल्या मनात घुमत बसणे.'

सर्वांत जास्त मते जखमेला पडली. ती चिठ्ठी माझ्या मोठ्या जाऊबाईंची होती. त्यांनी दोन गोष्टी अचूक साधल्या. एक तर 'जखम' हा शब्द कंसात टाकला. क्रिया कोणाच्या बाबतीत घडते ते कोश असेच कंसात सांगतात. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी. वरून भरलेली आणि आतून ओली असलेली जखम आपण सगळ्यांनी पाहिलेली असते आणि तिला एक शब्द असायला हवा असे ऐकताक्षणी वाटते. जिथे भाषेत खरोखर जागा रिकामी आहे, तिथे नेमका खोटा शब्द नेऊन बसवला की लोक स्वतःहून विश्वास ठेवतात. मला या खेळातले सर्वांत जास्त कौतुक याचेच आहे. अशा चिठ्ठ्या मी जपून ठेवते. वर्षानुवर्षे बोलत असलेल्या भाषेत कुठली कुठली गोष्ट बिननावाची राहिली आहे, ते त्या चिठ्ठ्या दाखवतात.

शेवटच्या चिठ्ठीला मात्र एकही मत पडले नाही. 'रुसून घुमणे' हा अर्थ शब्दाच्या नादातून ओढून काढलेला होता. 'रु' रुसण्यातला, 'म' घुमण्यातला. ऐकणाऱ्याचे कान ते पटकन पकडतात. तुमच्या 'चाड नसलेल्या माणसाचे चाळे' या चिठ्ठीचेही तेच झाले. शब्द ऐकल्यावर जो अर्थ पहिल्यांदा सुचतो तो बाजूला ठेवा. तो इतर तिघांनाही सुचलेला असतो.

सुतारालाही मत मिळाले, पण हत्यारांचा अर्थ जपून वापरा. दर डावाला कुणीतरी 'एक हत्यार', 'एक गवत', 'एक जातीचा मासा' लिहू लागले की ती युक्ती शिळी होते. हत्यार लिहायचेच तर ते कशाला वापरतात ते एका नेमक्या शब्दात सांगा.

खऱ्या अर्थाला त्या डावात एकही मत नव्हते. नांगराचे रुमणे शेतकऱ्याने रोज हातात धरलेले, आणि आमच्यापैकी कुणालाच तो शब्द माहीत नव्हता. त्यानंतर आम्ही बराच वेळ नांगराच्या इतर भागांची नावे कोशात शोधत बसलो आणि पुढचा डाव राहूनच गेला. राहिला तर राहू द्यावा.

प्रश्न : मराठीत असे शब्द कुठून काढायचे? आमच्याकडे एक छोटा शालेय कोश आहे, त्यात सगळे ओळखीचेच शब्द आहेत.

शालेय कोश या कामाचा नाही. तुम्हाला 'महाराष्ट्र शब्दकोश' हवा. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग काढले आणि १९५० मध्ये पुरवणी विभाग आला. वाचनालयात तो सहसा संदर्भ विभागात असतो, घरी नेऊ देत नाहीत. पण आता तो इंटरनेटवर फुकट पाहता येतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही तसाच मिळतो. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ ची. शब्द शोधायला मोल्सवर्थ उत्तम, पण अर्थ इंग्रजीत असल्याने कोशकाराला भाषांतर करावे लागते आणि त्याचा स्वतःचा लहेजा त्यात उतरतो. म्हणून मी दाते-कर्व्यांचा कोश पुढे करते.

जुना कोश वापरताना एक काळजी घ्या. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण त्या कोशात ते आहेत. तिथे 'चाडे' नाही, 'चाडें' आहे. तसाच लिहून दाखवलात तर शब्द नपुंसकलिंगी आहे हे जाणकाराला आयते कळते. अर्थाचेही तसेच. 'पेरावयाचें', 'असावें लागतें' अशी वाक्यरचना चार आधुनिक चिठ्ठ्यांमध्ये आली की खऱ्याचे बिंग फुटते. कोशकाराने खरा अर्थ आजच्या मराठीत, पण कोशाच्याच आटोपशीरपणाने पुन्हा लिहावा. हे काम सोपे नाही. चांगला कोशकार होणे हे चांगली थाप मारण्याइतकेच कसबाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता कोणते शब्द टाळायचे ते सांगते. संस्कृत सामासिक शब्द बहुतेक वेळा फुटतात. 'अंगुलित्राण' कुणी ऐकलेला नसतो, पण शिरस्त्राण आणि पादत्राण माहीत असणारा क्षणात बोटांच्या रक्षणापर्यंत पोचतो. 'खाना', 'दार', 'नीस' असे शेवट असलेले शब्दही आपले पत्ते आधीच उघडे करतात. ध्वनीवरून आलेले शब्द नकोतच. उरतात ते जुने देशी शब्द, आणि त्यांचीच खाण सर्वांत मोठी आहे.

मला सगळ्यांत आवडतात ते अर्धवट ओळखीचे शब्द. 'थारोळे' घ्या. 'रक्ताच्या थारोळ्यात' हे आपण बातमीत वाचतो, पण नुसते थारोळे म्हणजे काय असे विचारले की सगळे गप्प होतात. मोटेने उपसलेले पाणी ज्यात पडते ते विहिरीच्या काठचे कुंड म्हणजे थारोळे. 'पाखर' हा असाच आणखी एक. 'मायेची पाखर' म्हटले की लोकांना पक्ष्याचे पंख दिसतात आणि चिठ्ठ्यांमध्ये पिसे, घरटी, पिल्ले यांची गर्दी होते. कोशात मात्र पाखर म्हणजे हत्तीच्या किंवा घोड्याच्या अंगावर घालायचे चिलखत. असा शब्द काढला की प्रत्येकाला वाटते आपल्याला येतो, आणि मतदानाच्या वेळी सगळे चुळबुळ करू लागतात. डाव रंगतो तो इथे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वर्गात हा खेळ घ्यावा असे मनात आहे, पण मुलांच्या डोक्यात खोटेच अर्थ पक्के बसतील अशी भीती वाटते. आमच्या एका सहकाऱ्यांनी तर 'मुलांना थापा मारायला शिकवताय' असेच म्हटले.

बाई, तुमची भीती रास्त आहे आणि ती दूर करता येते. मतदान झाल्यावर खरा अर्थ नुसता जाहीर करून पुढे जाऊ नका. कोशातली पूर्ण नोंद एका मुलाला उभे राहून वाचू द्या. मग त्या शब्दाचे एक वाक्य फळ्यावर लिहा आणि खोट्या चिठ्ठ्या गोळा करून बाजूला ठेवा. खोटा अर्थ नुसता ऐकलेला असतो. खरा ऐकलेला, पाहिलेला आणि वाक्यात वापरलेला असतो. शेवटी जे येते आणि जे दोनदा येते ते लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे. शब्दही वस्तूंचे निवडा. 'रुमणे' असेल तर नांगराचे चित्र दाखवून बोट ठेवता येते, भाववाचक शब्दावर बोट कुठे ठेवणार?

वर्गात एकेकट्याने लिहायला लावू नका. चार-पाच जणांचा एक गट करून प्रत्येक गटाची एक चिठ्ठी घ्या. गटात जी कुजबुज होते, तीच या खेळाची खरी शिकवणी आहे. 'हे स्त्रीलिंगी वाटते, मग वाटी लिहू या', 'नको, फार सोपे होईल', 'कोशात असे लिहीत नाहीत' अशी वाक्ये सातवीतल्या मुलांच्या तोंडून मी स्वतः ऐकली आहेत. व्याकरणाच्या तासाला लिंग विचारले की मान खाली घालणारी मुले इथे लिंगावरून वाद घालतात.

सहकाऱ्यांच्या आक्षेपाबद्दल इतकेच सांगेन की इथे फसवणारा आणि फसणारा दोघांनाही नियम माहीत असतात आणि डाव संपला की खरे काय ते सगळ्यांसमोर वाचले जाते. शिवाय एखादे विधान नुसते खऱ्याच्या थाटात लिहिले आहे म्हणून खरे ठरत नाही, हे मुलांना स्वतःच्या हाताने करून कळते. आजच्या मुलांना ते कळणे मला अतिशय गरजेचे वाटते.

प्रश्न : खुद्द शब्दकोशातही खोटे शब्द असतात असे ऐकले. खरे आहे का?

हो, आणि दोन्ही तऱ्हेचे असतात. चुकून शिरलेले आणि मुद्दाम घातलेले.

चुकून शिरलेल्याचे प्रसिद्ध उदाहरण 'डॉर्ड'. अमेरिकेत १९३४ मध्ये निघालेल्या वेबस्टरच्या मोठ्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत हा शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला. मुळात ती संक्षेपांसाठी केलेली चिठ्ठी होती : घनतेसाठी मोठा 'डी' किंवा छोटा 'डी' अक्षर वापरतात. इंग्रजीतले 'किंवा' दोन अक्षरांमध्ये चिकटले आणि अख्खा शब्द तयार झाला. चिठ्ठी संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आले की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, तेव्हा चूक सापडली. तोवर कुणाला शंका आली नव्हती.

मुद्दाम घातलेला शब्द म्हणजे 'एस्क्विव्हॅलियन्स'. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीच्या २००१ च्या आवृत्तीत तो आहे, अर्थ 'आपली कामाची जबाबदारी मुद्दाम टाळणे'. दुसऱ्या कुणी कोशातला मजकूर उचलला तर पकडता यावा म्हणून संपादकांनी तो पेरला होता. त्याचा अर्थ वाचा आणि जाऊबाईंची जखम आठवा. इथेही लिहिणाऱ्याने भाषेतली रिकामी जागाच हेरली आहे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना सगळे शब्द येतात. ते असले की खेळ फसतो. शिवाय अक्षरावरून कुणाची चिठ्ठी ते कळते. उपाय सांगा.

सासऱ्यांना कायमचे कोशकार करू नका, त्यांना खेळायचे असणार. नियम असा ठेवा की शब्द जाहीर झाल्यावर ज्याला तो येत असेल त्याने प्रामाणिकपणे सांगायचे आणि कोशकाराने दुसरा शब्द काढायचा. हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला 'तसलमात' म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम हे ठाऊक असणारच, त्याचा त्याला दंड कशाला? न सांगता लिहिले आणि अर्थ बरोबर निघाला तर मात्र ती चिठ्ठी वाचू नये, कोशकाराने गुपचूप बाजूला ठेवावी. आम्ही अशा वेळी लिहिणाऱ्याला सरळ ३ गुण देतो आणि त्या डावात त्याचे मत घेत नाही. अर्थ अंदाजाने जुळला असला तरीही हाच नियम. अंदाज आणि माहिती यांत निवाडा करत बसू नका, त्यात घरात रुसवेफुगवे होतात.

अक्षराचा प्रश्न सोपा आहे. चिठ्ठ्या फक्त कोशकाराने पाहायच्या. त्याने वाचायला सुरुवात करण्याआधी सगळ्या चिठ्ठ्या मनात एकदा वाचून घ्याव्यात, न लागलेले अक्षर लिहिणाऱ्याला कानात विचारावे. कोशकार अडखळला की सगळ्यांना कळते, ही चिठ्ठी त्याची नाही. आणि वाचताना हसू नये. हे शेवटचे सांगणे सोपे, पाळणे अवघड.

प्रश्न : आम्ही दोघेच घरी असतो. दोघांत खेळता येईल का? यासाठी तयार संच मिळतो का?

इंग्रजी शब्दांचा संच मिळतो. 'बॉल्डरडॅश' या नावाने तो १९८४ मध्ये कॅनडात निघाला. त्यात शब्द आणि त्यांचे खरे अर्थ छापलेले पत्ते असतात. मराठीत खेळायला संच लागत नाही. कोश आणि कागद पुरतात.

दोघांसाठी चिठ्ठ्यांची पद्धत चालत नाही, पण दुसरी एक छान पद्धत आहे. बीबीसीवर १९६५ पासून 'कॉल माय ब्लफ' नावाचा कार्यक्रम होत असे. त्यात तिघांच्या संघातला प्रत्येक जण एका शब्दाचा एकेक अर्थ सांगे, दोन खोटे आणि एक खरा, आणि समोरच्या संघाने खरा ओळखायचा. तुम्ही हेच एकट्याने करा. शब्द काढा, दोन खोटे अर्थ रचा, खऱ्याबरोबर तिन्ही लिहून काढा आणि क्रम बदलून वाचा. समोरच्याला ओळखता आला नाही तर गुण तुमचा.

तिन्ही अर्थ एकाच लांबीचे ठेवा. लांब अर्थ खरा असतो असे समोरच्याच्या लवकरच लक्षात येते. आणि एकमेकांना शब्द आदल्या दिवशी काढून ठेवू द्या. दोन पटण्याजोगे खोटे अर्थ जागच्या जागी सुचत नाहीत, त्यांना एक रात्र द्यावी लागते.